आधी घास, मग धम्म
(संकटकाळी शेतकरी-शेतमजुरांच्या मनाला आधार कसा द्यावा?)

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांची नाळ आजही खेड्याशी जोडलेली आहे. शहरात नोकरीला लागलेल्या माणसाचा भाऊ गावी दोन-तीन एकर कोरडवाहू शेती करतो, चुलती निंदणाला जाते, मेहुणा उसाच्या फडावर असतो. म्हणून पाऊस फसला, बोंडअळी आली, किंवा अतिवृष्टीने उभे सोयाबीन कुजले, तर त्याची झळ या ना त्या वाटेने आपल्या घरापर्यंत येतेच. २०१७ साली विदर्भात कापसावर गुलाबी बोंडअळी पडली. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतेच्या शेते पाण्याखाली गेली. अशा वेळी पिकाचे पंचनामे होतात, परंतु माणसाच्या मनाचा पंचनामा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात याच विषयाचा विचार करावयाचा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत शेतकरी ५,२०७ होते आणि शेतमजूर ६,०८३. एकूण संख्येत सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३८ टक्के, आपल्या महाराष्ट्राचा होता. या आकड्यांतील एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. 'शेतकरी आत्महत्या' हा शब्द आपण नेहमी ऐकतो. पण मरणारांत मजुरांची संख्या शेतकऱ्यांहून अधिक आहे. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला शासनाकडून मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी कुटुंबाच्या नावे सातबारा लागतो, कर्जाचा कागद लागतो. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे किंवा शेजाऱ्याकडून हातउसने घेतले आहे, त्याचे मरण या यादीत बसत नाही. आपल्या समाजाचा फार मोठा भाग याच भूमिहीन वर्गात मोडतो. दुःखाला सातबारा लागत नाही, हे इतरांनी विसरले तरी आपण विसरून चालणार नाही.

आळवीचा शेतकरी

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. तथागत आळवीत येणार हे कळताच त्याने धम्म ऐकायला जायचे ठरविले. पण नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधावा की धम्म ऐकावा, अशा पेचात तो पडला. शेवटी, आधी बैल शोधू आणि मग जाऊ, असे म्हणून तो रानात गेला.

इकडे आळवीच्या लोकांनी बुद्धप्रमुख भिक्खुसंघाला भोजन दिले. भोजनानंतर उपदेश व्हायचा, पण तथागत शांत बसून राहिले. ज्याच्यासाठी ते इतक्या दूरवरून चालत आले होते, तो माणूस अजून आला नव्हता. दिवसभर वणवण करून, बैल सापडल्यावर तो शेतकरी उपाशीपोटी, थकून-भागून तेथे पोहोचला. तथागतांनी प्रथम विचारणा केली, ती अन्न शिल्लक आहे काय याची. त्याला बसवून पोटभर जेवू घालण्यात आले. त्याचे शरीर निवाले, मन स्थिर झाले, आणि मगच देसनेला सुरुवात झाली. भगवंतांनी एका माणसाच्या जेवणाची चौकशी करावी, याचे काही भिक्खूंना नवल वाटले आणि ते आपसांत कुजबुजले. तेव्हा भुकेने पीडलेल्या माणसाला धम्म समजू शकत नाही, म्हणून आधी त्याची भूक शमविली, असे तथागतांनी त्यांना समजावून सांगितले.

या कथेत आपल्या विषयाचे सर्व सार आले आहे. तथागतांनी त्या शेतकऱ्याला बैलाची आसक्ती सोड असे सांगितले नाही, की उशीर का केलास म्हणून दोषही दिला नाही. त्यांनी त्याची वाट पाहिली, त्याची गरज ओळखली, ती आधी भागविली आणि मग मनाकडे वळले. कर्जात बुडालेल्या माणसाला "तृष्णा सोडा, सर्व अनित्य आहे" असे सांगणारे उपदेशक आपल्यात कमी नाहीत. त्यांनी आळवीचा हा प्रसंग पुनःपुन्हा वाचावा.

दोन बाण

संयुत्त निकायातील एका सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. एखाद्याला बाण लागला म्हणजे वेदना होतेच. परंतु त्या वेदनेवर शोक, संताप व स्वतःचा धिक्कार यांचा दुसरा बाण माणूस आपल्याच मनात रुतवून घेतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत पहिला बाण स्पष्ट दिसतो. मे-जून महिन्यांत बियाणे व खत यांसाठी कर्ज काढावे लागते. पावसाने दडी मारली की दुबार पेरणी येते. म्हणजे एकाच पिकासाठी दोनदा खर्च. पीक हाती आले तर भाव पडलेला असतो. बँकेचे जुने कर्ज थकले म्हणजे नवे मिळत नाही, मग सावकाराचे दार. त्यात मुलीचे लग्न, मुलाची फी, घरातील आजारपण. शेतमजुराचे गणित याहून सोपे आणि याहून कठोर आहे. पीक बुडाले की निंदण नाही, वेचणी नाही, काढणी नाही, आणि म्हणून मजुरीही नाही. त्याचे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

दुसरा बाण दिसत नाही. "मी घरदार बुडविले", "चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही", "मी नसलो तर यांचे बरे होईल" असे विचार रात्रीच्या अंधारात मनात घर करतात. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, कामात मन रमत नाही. माणूस विहारात, पारावर, चहाच्या टपरीवर येणे बंद करतो. एकटा पडला की विचार अधिकच काळे होतात. पुष्कळ वेळा तो दारूकडे वळतो. दारू दोन तास विसर पाडते खरी, पण नंतर मन अधिक खचविते आणि आवेगाच्या क्षणी सारासार विचार हिरावून घेते. पंचशीलातील पाचव्या शीलाचे महत्त्व इथे कळून येते. मात्र दारूत बुडालेल्याला शीलभंगाबद्दल फटकारून काही साधत नाही. तो कशापासून पळतो आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुसरा बाण मनातला आहे म्हणून पहिला बाण खोटा ठरत नाही. कर्ज खरे आहे, पडलेला भाव खरा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या लुबाडणुकीची कारणे मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहून, शेतीवर पडलेला माणसांचा अतिरिक्त भार उद्योगधंद्यांकडे वळविल्याखेरीज शेती सुधारणार नाही, असे प्रतिपादन केले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. म्हणजेच दुःखाचे कारण जेथे व्यवस्थेत आहे तेथे व्यवस्थाच बदलली पाहिजे, हा आपला वारसा आहे. मनाला आधार देणे हे या लढ्याला पर्याय नव्हे; लढण्यासाठी माणूस जिवंत राहावा, यासाठीचे ते काम आहे.

मनाचा आजार म्हणजे भित्रेपणा नव्हे

आपल्याकडे मनाच्या दुखण्याला एकतर 'वेड' म्हणतात किंवा 'नाटक'. कोणी बाहेरची बाधा समजून देवऋषी शोधतो, कोणी मागील जन्माचे कर्म म्हणतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात तरी असे होता कामा नये. सततची उदासी, ज्याला डॉक्टर नैराश्य म्हणतात, हा क्षयरोगाप्रमाणे ओळखता येणारा आणि उपचाराने बरा होणारा आजार आहे. प्रत्येक कर्जबाजारी माणसाला तो होत नाही आणि आत्महत्येचे कारणही एकच नसते. कर्ज, आजारपण, घरातील कलह, व्यसन, अपमान व एकटेपणा यांची गाठ पडते तेव्हा धोका वाढतो.

दुःख बोलून दाखविणे हा दुबळेपणा आहे, असे विशेषतः पुरुषांना वाटते. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र आठवावे. १९२६ साली त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. त्यापूर्वीही त्यांनी अपत्यवियोग सोसला होता. महाडच्या सत्याग्रहाला अवघे काही महिने उरले होते. त्या काळात त्यांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपल्या मनातील दुःख मोकळे केले. ज्या महापुरुषाने कोट्यवधींना उभे केले, त्यालाही आपले दुःख एका मित्राला सांगावेसे वाटले. मग आपल्या गावातील भावाला का वाटू नये?

ओळखावे कसे?

शेजारी, नातेवाईक किंवा विहारातील सोबती यांना पुढील गोष्टी सहज दिसू शकतात. माणूस पंधरा दिवसांहून अधिक काळ उदास आहे. ज्या गोष्टींत त्याला गोडी होती त्यांत आता रस नाही. झोप व भूक कमी झाली आहे. चिडचिड किंवा रडे वाढले आहे. शेताकडे किंवा कामावर जाणे सोडले आहे. अंघोळ, दाढी, कपडे यांकडे दुर्लक्ष होते आहे. दारू वाढली आहे. पुष्कळ लोक, विशेषतः स्त्रिया, मनाचे दुःख सांगत नाहीत. त्या डोके दुखते, छातीत धडधड होते, अंगात शक्ती नाही, असेच सांगतात.

काही खुणा मात्र तातडीच्या समजाव्यात. "आता माझे काय उरले?", "माझ्यामागे पोरांना सांभाळा" अशी निरवानिरवीची भाषा, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, देणी-घेणी एकाएकी मिटविणे, कारण नसताना सर्वांची भेट घेऊन येणे, आणि फार दिवसांच्या अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता. पूर्वी एकदा असा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाकडे अधिक लक्ष द्यावे. "बोलणारा करीत नाही" हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. पुष्कळ जण आधी या ना त्या प्रकारे बोललेले असतात; ऐकणारे कोणी नसते.

बोलावे कसे?

यासाठी पदवी लागत नाही. माणूस एकटा असेल अशी वेळ पाहून जावे. बांधावर किंवा ओसरीवर शेजारी बसावे आणि साध्या शब्दांत सुरुवात करावी: "भाऊ, पंधरा दिवस झाले, तुम्ही विहारात दिसले नाही. तब्येत बरी आहे ना?" तो "बरी आहे" म्हणेल. लगेच उठू नये. "झोप लागते का? जेवण जाते का?" असे विचारावे. मनापेक्षा झोपेविषयी बोलणे माणसाला सोपे जाते. एकदा बोलू लागला की मध्ये तोडू नये. काही वेळ तो गप्प बसला तर आपणही गप्प बसावे.

या वेळी काय बोलू नये हेही ध्यानात ठेवावे. "एवढ्या-तेवढ्याने काय खचता?", "त्या अमक्याकडे पाहा, त्याच्यावर तुमच्या दुप्पट कर्ज आहे", "बायकापोरांचा तरी विचार करा" ही वाक्ये आपण चांगल्या हेतूने बोलतो, पण ऐकणाऱ्याच्या काळजात ती दुसऱ्या बाणासारखीच रुततात. त्याऐवजी "फार सोसले तुम्ही. एकट्याने किती ओढणार? आपण मिळून काहीतरी वाट काढू" असे म्हणावे.

मनात शंका आली तर सरळ विचारावे: "भाऊ, इतका त्रास होतो तेव्हा जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावा असे मनात येते का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. जगभरातील तज्ज्ञांचा अनुभव असा की, असा प्रश्न आपुलकीने विचारला तर माणसाला मोकळे वाटते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये. घरातील एका विश्वासू माणसाला सांगावे, विष, दोर अशी साधने दूर करावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. "कोणाला सांगू नका" अशी शपथ त्याने घातली तरी जिवाच्या प्रश्नात ती पाळता येत नाही, हे त्याला प्रेमाने सांगावे. एरवी मात्र ऐकलेली गोष्ट गावात फिरू देऊ नये. एकदा विश्वास गेला की दुसरा माणूस तोंड उघडणार नाही.

विषाचा डबा

शेतकरी कुटुंबात धोका वाढण्याचे एक कारण म्हणजे फवारणीचे औषध घरातच असते. जीव देण्याचा आवेग पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात.

या बाबतीत श्रीलंका या बौद्ध देशाचा अनुभव बोलका आहे. तेथे १९९५ मध्ये दर एक लाख लोकांमागे ४७ आत्महत्या होत होत्या आणि त्यांत कीटकनाशकांचा वाटा मोठा होता. १९९५ व १९९८ साली सरकारने काही अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली. २००५ पर्यंत हे प्रमाण २४ वर आले आणि शेतीचे उत्पादनही त्यामुळे घटले नाही. पुढे आणखी काही औषधे बाजारातून काढण्यात आली. याच देशात अनुराधपुर भागातील खेड्यांत घरोघर कुलूपबंद पेट्या देऊन पाहण्यात आल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नुसत्या पेट्यांनी फरक पडल्याचे दिसले नाही. यावरून बोध असा की, अतिविषारी औषध बाजारातूनच जाणे हा खरा उपाय आहे आणि त्याची मागणी आपण केली पाहिजे. तोपर्यंत लागेल तेवढेच औषध लागेल त्या वेळी आणावे, उरलेले घरात साठवू नये, आणि ज्या घरात कोणी खचलेले आहे तेथील औषध शेजाऱ्याने किंवा नातेवाइकाने आपल्याकडे न्यावे.

कोणी विष घेतल्याचे कळले तर मीठपाणी पाजण्यात किंवा उलटी काढण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. औषधाचा डबा सोबत घ्यावा, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरविता येतो.

उपचार कोठे मिळतात?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. त्याअन्वये जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. महाराष्ट्र शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ मध्ये हाती घेतला. गावची आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर ही पहिली पायरी होय. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मराठीतूनही बोलता येते.

नैराश्यावर बोलून करावयाचा उपचार असतो आणि गरज असल्यास गोळ्याही असतात. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, आपल्या मनाने त्या बंद करू नयेत. एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी यांमुळेच पुष्कळ जण दुसऱ्यांदा दवाखान्यात जात नाहीत. सोबत जाणे आणि भाड्याची सोय करणे हीसुद्धा उपचाराचाच भाग असलेली मदत आहे.

गावातल्याच माणसांनी हे काम केले तर काय होते, याचा दाखला अमरावती जिल्ह्यात मिळाला आहे. तेथील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. त्यात स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठविले गेले. आरंभी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर ही संख्या सत्तावीसवर गेली. शंभरांतील सत्तावीस म्हणजे अजून पुष्कळ काम बाकी आहे हे खरे, परंतु डॉक्टर गावात येण्याची वाट न पाहताही किती करता येते हे यातून दिसते.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे आत्महत्येचा प्रयत्न लपवितात. ती भीती आता बाळगण्याचे कारण नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे कलम ३०९ ठेवलेले नाही.

कागद हेही औषध आहे

आळवीच्या शेतकऱ्याला जसा आधी घास दिला, तसे आज आधी काय द्यावे? पुष्कळदा तो घास म्हणजे एक अर्ज असतो. पीकविम्याची तक्रार, पंचनाम्यात राहिलेले नाव, रेशनकार्ड, रोजगार हमीच्या कामाची मागणी, बँकेतील कर्जाचे पुनर्गठन या गोष्टी न समजल्याने माणूस हताश होतो. सावकाराने जमीन बळकावली असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. शिकलेल्या तरुणाने अर्धा दिवस काढून सोबत तहसीलला जाणे, हे कोणत्याही भाषणापेक्षा मोठे समुपदेशन आहे. सर्व प्रश्न सुटतील असे नाही. पण एक जरी गाठ सुटली तरी "काहीच होऊ शकत नाही" हा मनातला समज ढिला पडतो.

मागे राहिलेली माणसे

ज्या घरात अशी घटना घडते, तेथे चार दिवस पुढारी व वार्ताहर येतात आणि पाचव्या दिवशी दार बंद होते. मागे राहिलेल्या आयुष्मतीला दुःखाबरोबर दोषही सोसावा लागतो. "हिच्यामुळेच गेला" असे म्हणायला लोक कमी करीत नाहीत. सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, सासरचे हिस्सा देत नाहीत, आणि कर्ज मागणारा मात्र तिच्याच दारात येतो. मुलांची शाळा सुटते.

किसा गोतमीची कथा आपल्याला माहीत आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला तथागतांनी, ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला पाठविले. या कथेतून आपण मृत्यूच्या अटळतेचा बोध घेतो, आणि तो योग्यच आहे. पण आणखीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या निमित्ताने ती दारोदार गेली, प्रत्येक उंबऱ्यावर तिने दुसऱ्याचे दुःख ऐकले आणि आपले सांगितले. आज आपल्या गावात ही पायपीट दुःखी बाईने करायची नसून आपण करायची आहे. तिच्या दारी जाऊन बसावे, गेलेल्या माणसाचे नाव काढायला कचरू नये, तो कसा गेला यापेक्षा तो कसा होता हे बोलावे. वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात तिच्यासोबत जावे. उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून द्यावा. मुलांच्या वह्या-पुस्तकांची जबाबदारी समाजाने उचलावी. अशा घरातील मुलांच्या मनावर खोल परिणाम होतो, म्हणून त्यांच्याकडे शिक्षकांचेही लक्ष वेधावे.

वर्षावासातील एक उपक्रम

हे सर्व कोणी करायचे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. उत्तर आपल्या परंपरेतच आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या गावोगावच्या विहारांत वर्षावासानिमित्त 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. हेच तीन महिने खरिपाचे असतात. पेरणी, दुबार पेरणी, निंदण, फवारणी आणि पिकाची चिंता, सर्व याच काळात. ज्या काळात माणूस सर्वाधिक काळजीत असतो, त्याच काळात आपला समाज रोज संध्याकाळी एकत्र बसतो. असा योग दुसऱ्या कोणत्याही संस्थेला लाभलेला नाही.

म्हणून असे सुचवावेसे वाटते की, वाचन संपल्यावर रोज दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि एकच प्रश्न विचारावा: "आज कोण आले नाही?" जे तीन-चार दिवस दिसले नाहीत त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी दोघांनी जावे. पुरुषाकडे पुरुषाने, स्त्रीकडे महिला मंडळातील ताईने. चौकशी विहारात न येण्याची करू नये, माणसाची करावी. बौद्ध नसलेल्या शेजाऱ्याच्या घरीही जावे. करुणेला जात नसते. प्रत्येक विहाराच्या फळ्यावर १४४१६ व १०८ हे क्रमांक आणि आशाताईचे नाव लिहून ठेवावे. वर्षावासात एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलवून या विषयावर बोलावयास सांगावे.

विद्यार्थ्यांनी दोन कामे घ्यावीत. सुटीत गावी गेल्यावर आपल्या भावकीतील व वस्तीतील चार घरांचे कागद पाहून द्यावेत. आणि आपल्या वडिलांशी बोलावे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला घरची परिस्थिती कळू नये म्हणून बाप मुद्दाम लपवितो, आणि मुलगा पैशाखेरीज दुसरे काही विचारीत नाही. "बाबा, तुम्ही नीट झोपता का?" हा एक प्रश्न फोनवर विचारायला काही खर्च येत नाही. त्याचबरोबर आपले स्वतःचे मन खचले तर तेही लपवू नये.

दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्यानेही स्वतःस जपले पाहिजे. एकट्याने भार घेऊ नये, दोघांनी जावे, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल ते डॉक्टरांकडे सोपवावे. आपण सर्व प्रयत्न करूनही एखादा माणूस वाचत नाही. अशा वेळी कार्यकर्त्याने स्वतःला दोष देऊ नये. मैत्री व करुणा यांच्या जोडीला उपेक्षा, म्हणजे मनाचा समतोल, तथागतांनी सांगितला तो यासाठीच.

आळवीला तथागत एका माणसासाठी तीस योजने चालत गेले, असे ती कथा सांगते. आपल्याला आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आहे. तेथे एखादा भाऊ अंधारात ओसरीवर बसला असेल. त्याच्याजवळ बसणे, त्याला घास देणे आणि त्याचे ऐकून घेणे हाही धम्माचाच आचार होय.

जय भीम! नमो बुद्धाय!